डेक्कनचे नव्हे, येरवड्याचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रिक्षावाल्याला 'डेक्कन कॉलेज' म्हटले की तो हमखास डेक्कन जिमखान्याची वाट धरतो. 'अहो, येरवड्याचे' हे दर वेळी सांगावे लागते आणि दर वेळी जिवाला लागते. १८२१ साली, पेशवे विद्वान ब्राह्मणांना जी दक्षिणा देत तिच्या निधीतून विश्रामबागवाड्यात निघालेल्या पाठशाळेचे हे आजचे रूप. टिळक-आगरकरांची मैत्री जुळली ती इथे शिकताना. रा. गो. भांडारकर इथे संस्कृत शिकवत. सरकारने १९३४ मध्ये कॉलेजला टाळे लावले, तेव्हा माजी विद्यार्थी कोर्टापर्यंत गेले आणि १९३९ साली ते संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले. मातृसंस्थेसाठी असे भांडणारे विद्यार्थी लाभणे हे मला तिथल्या दगडी इमारतीहून मोठे वाटते.

गेल्या महिन्यात नववीतल्या नातीला तिथला संस्कृत महाकोशाचा, म्हणजे संस्कृत-इंग्रजी शब्दकोशाचा, विभाग दाखवायला नेले. भाषाशास्त्रज्ञ सु. मं. कत्रे यांनी १९४८ साली हे काम हाती घेतले. ऋग्वेदापासून अठराव्या शतकापर्यंतचे सुमारे दीड हजार ग्रंथ चाळून पंचवीस वर्षे नुसत्या शब्दांच्या चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. चिठ्ठ्या सुमारे एक कोटी! पहिला भाग छापून आला १९७६ मध्ये, आणि इतके खंड निघूनही कोश अजून 'अ' अक्षरातच आहे. यावर कोणी हसले की मला राग येतो. एकेका शब्दाचा अर्थ शतकाशतकांत कसा बदलत गेला ते पुराव्यानिशी दाखवायचे, तर घाई कशी चालेल?

तिथल्या बाईंनी एक खण ओढून दाखवला. पिवळट पडलेल्या चिठ्ठ्या दाटीवाटीने उभ्या, वर शब्द, खाली उतारा आणि ग्रंथाचा संदर्भ. दोन चिठ्ठ्यांवरचे अक्षर वेगळे, शाई वेगळी. नात हळूच म्हणाली, "आजी, हे सगळं हातानं लिहिलंय?" परतताना बसमध्ये ती तेच बोलत होती.

तीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवले, पण एकदाही मुलांना तिथे नेले नाही, याची आता खंत वाटते. शहरातल्या संस्कृत आणि इतिहासाच्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. रीतसर परवानगी काढून आठवी-नववीच्या मुलांना एकदा तरी तिथे न्या. संग्रहालय दाखवाच, पण तो एक खणही उघडून दाखवायला सांगा.

– एक निवृत्त शिक्षिका, पुणे