बुश कविता गायची नव्हे, म्हणायची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ऑस्ट्रेलियातल्या बुश कवींवर, म्हणजे तिथल्या रानावनातल्या, खेड्यातल्या (‘बुश’) जीवनावर यमकबद्ध कविता करणाऱ्यांवर लेख आला, आनंद वाटला. मात्र त्यात त्यांना ‘गिटारवर गाणारे’ म्हटले आहे, ते बरोबर नाही. टॅमवर्थ या ऑस्ट्रेलियातल्या गावच्या जानेवारीतल्या कंट्री म्युझिक महोत्सवात गायक आणि कवी दोघेही असतात, त्यातून हा घोटाळा झाला असावा. बुश कवी कविता म्हणतो, तीही वाद्याविना आणि सहसा कागदाविना.

बुश कवी बँजो पॅटरसन यांची ‘द मॅन फ्रॉम स्नोई रिव्हर’ ही जंगली घोड्यांच्या पाठलागाची कविता १८९० साली सिडनीच्या ‘बुलेटिन’ साप्ताहिकात आली. आठ-आठ ओळींची १३ कडवी, म्हणजे १०४ ओळी तोंडपाठ हव्यात. आपल्या वृत्तांत लघु-गुरू मोजतात, इंग्रजीत आघात, म्हणजे शब्दातला जोर देऊन उच्चारायचा भाग. नवखे इथेच फसतात. प्रत्येक आघातावर जोर, प्रत्येक यमकावर मुक्काम, आणि थोड्याच वेळात पाढे म्हटल्यासारखे ऐकू येते. वाक्य पुढच्या ओळीत जात असेल तर आवाजही पुढे न्यावा आणि श्वास अर्थ तुटतो तिथे घ्यावा. यमक आपसूक ऐकू येते. घोडदौडीत वेग वाढवला की व्यंजने गिळली जातात. डोंगरमाथ्यावर सगळे स्वार थबकतात, तिथे मात्र खरा विराम हवाच. तो चुकला तर कवितेचा नायक असलेला पोरगा एकटाच उतारावर घोडा घालतो, त्याचा धक्का बसत नाही.

ओळ विसरली तर मागे जाऊ नये, पुढचे कडवे धरावे. त्यासाठी कडव्यांच्या पहिल्या ओळी वेगळ्या घोकून ठेवाव्या लागतात.

स्वतःची कविता स्पर्धेत म्हणायची तर यमक चोख लागते. ‘टाइम’ला ‘माइन’ चालत नाही, एकवचनाला अनेकवचन जुळवणेही खटकते. यमकासाठी शब्दक्रम उलटापालटा केला की परीक्षक लगेच ओळखतात.

‘पोएट्स ब्रेकफास्ट’मध्ये, म्हणजे सकाळच्या न्याहारीबरोबरच्या कविता म्हणण्याच्या कार्यक्रमात, कपबश्यांचा आवाज चालूच असतो. सुरुवातीला छोटी विनोदी कविता, लोक वळले की मग लांब, गंभीर. उघड्यावर वारा माइकमध्ये घुसतो, म्हणून त्यावर फोमची टोपी हवी. मानधन बेताचेच, कार्यक्रमानंतर टेबल मांडून पुस्तके, सीडी विकणे हेही त्याच कामात आले.

लेखात पॅटरसन यांचे समकालीन कवी हेन्री लॉसन यांचा उल्लेखही नाही. पॅटरसन तेव्हा सिडनीत वकिली करत. १८९२ मध्ये ‘बुलेटिन’मधूनच लॉसन यांनी त्यांच्या रम्य बुशला पद्यातच आव्हान दिले, आणि पॅटरसन यांनीही पद्यातच उत्तर दिले. पुढील लेखात या वादाला जागा द्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सिडनी