सुन्याला पत्र: डावा आतलाच ब्रेक पॅड का संपतोय

सोलापूर

प्रिय सुन्या,

तू पाठवलेला फोटो मोठा करून नीट बघितला. पुढच्या डाव्या चाकाचा आतला ब्रेक पॅड पार पत्र्याला टेकायला आलाय आणि त्याच चाकाचा बाहेरचा अजून निम्म्याच्या वर शिल्लक, उजवीकडचे दोन्ही जवळपास सारखे. आणि गॅरेजवाला म्हणतोय नवीन सेट टाकू, विषय संपला. मागच्या वेळी पण हेच केलं होतं ना बे? नवीन पॅड टाकले की आवाज जातो, ब्रेक छान लागतो, पण बिघाड आत तसाच राहतो आणि परत तोच पॅड खातो. म्हणून सांगतो, जुने चारही पॅड त्याच्याकडून मागून घे, कुठला कुठं बसला होता ते मागं पेनानं लिहून ठेव. कुठं काय अडकलंय ते त्या झिजेवरूनच कळतंय.

तुझ्या गाडीच्या पुढच्या चाकात एका बाजूला एकच पिस्टन आहे. ब्रेक दाबला की तो आतल्या पॅडला डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीवर दाबतो, मग अख्खा कॅलिपर, म्हणजे पिस्टन ज्यात बसतो तो चिमटा, दोन पिनांवर सरकतो आणि बाहेरच्या पॅडला ओढून घेतो. आता त्या पिना जाम झाल्या तर कॅलिपर सरकणार कसा? सगळा जोर आतल्या पॅडवर येतो आणि बाहेरचा नुसता बसून राहतो. तुझ्या फोटोत मला हेच दिसतंय. आत-बाहेर मिलिमीटरभराचा फरक असला तर मी लक्ष पण दिलं नसतं, इथं तर एक संपलाय आणि एक निम्म्याच्या वर शिल्लक आहे.

दुसरी शक्यता पिस्टनची. त्याच्याभोवती चौकोनी रबरी सील असतंय, ब्रेक दाबताना ते थोडं पिळतं आणि सोडला की स्वतः सरळ होताना पिस्टनला केसभर मागं खेचतं. आत गंज आला किंवा बाहेरचं रबर फाटून धूळ गेली की पिस्टन मागं येत नाही, पॅड डिस्कला घासतच राहतो. आणि पॅड एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ असा तिरका झिजला असेल तर बहुतेक एकच पिन अडकलेली असते, जुन्या कपाटाचा ड्रॉवर एका बाजूला अडकून तिरका होतो ना, तसं. एका चाकाचे दोन्ही पॅड सारखेच पण दुसऱ्या चाकापेक्षा लवकर संपले तर मात्र पिस्टन किंवा ब्रेकचं तेल नेणारा रबरी होस पाइप बघायचा.

मामाची गाडी आठवते का? तुळजापूरहून घाट उतरून आले की पुढचं एक चाक तापलेलं असायचं, त्याच चाकावर काळी धूळ जास्त, ॲव्हरेज पण पडलं होतं. आम्ही ते चाक जॅकवर घेतलं, खाली स्टँड लावला, ब्रेक दाबून सोडला आणि हातानं फिरवलं तर जड. मग ब्लीडिंगचा निपल, म्हणजे कॅलिपरमधलं तेल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू, थोडा ढिला केला, चाक तरी जडच. ही टेस्ट तुझ्या मिस्त्रीला आवर्जून करायला सांग. निपल उघडल्यावर चाक मोकळं झालं तर तेल आत अडकतंय, म्हणजे होस पाइप आतून फुगून बंद झालेला असू शकतो, बाहेरून तो एकदम चांगला दिसतो. मोकळं नाही झालं तर अडकलंय ते पिन, पिस्टन नाहीतर पॅडच. मामाच्या गाडीची खालची पिन निघेचना, तिच्यावरचं रबराचं टोपण, म्हणजे बूट, फाटलेला, आत पाणी जाऊन गंजलेली. तुझी गाडी आठवडाभर सोसायटीत उभी असते आणि पावसाळ्यात जागची हलत नाही, तिथं पण हेच झालं असणार असं मला वाटतंय.

काम करताना तू स्वतः उभा राहा. कॅलिपर काढला की होसवर लोंबकळू द्यायचा नाही, तारेनं बांधायचा. दोन्ही पिना बाहेर काढून साफ करायच्या, जास्त गंजल्या असतील तर नवीनच घ्यायच्या, बूट पण बदलायचे. वरची-खालची पिन वेगळी असू शकते, अदलाबदल नको. ग्रीसचं मात्र नीट लक्ष दे, डब्यातलं साधं बेअरिंगचं ग्रीस लावू देऊ नकोस, त्यानं रबर फुगतं आणि पिन परत जाम होते. ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस मिळतं, तेच, आणि पातळ थर, भोक भरून नको. ब्रॅकेटमध्ये पॅडचे कान बसतात तिथला गंज वायर ब्रशनं घासायचा, नाहीतर नवा पॅड पण तिथंच अडकेल. पिस्टन मागं दाबताना वरच्या टाकीतलं ब्रेकचं तेल चढतं, ते गाडीच्या रंगावर सांडलं तर रंग खातं. आणि ब्रेक ऑइल कधी बदललंय? ते हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४ प्रकारचं ऑइल नवीन असताना किमान २३० अंशाला उकळतं, पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ वर येते. घाटात सारखा ब्रेक दाबताना हे फार महत्त्वाचं, त्यात आपल्याकडचा मे महिना. दोन वर्षं झाली असतील तर सगळं नवीन भरून घे.

डिस्कची जाडी मोजायला लाव, कमीत कमी किती हवी ते बहुतेक डिस्कवरच कोरलेलं असतं. पॅड दोन्ही चाकांचे एकदम बदलायचे. आणि गाडी हलवायच्या आधी पॅडल कडक होईपर्यंत पंप करायचं, हे विसरलात तर पहिल्या ब्रेकला पाय सरळ खाली जाईल.

हे होईपर्यंत गाडी काढू नकोस. काकूंना तुळजापूरला न्यायचं म्हणतोयस, मागं पोरं बसणार, आणि टेंभुर्णी-मोहोळच्या पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्या कधी समोर येतील सांगता येत नाही. काम या आठवड्यात झालं नाही तर सरळ एसटीनं या, मी स्टँडवर घ्यायला येतो, तुळजापूरला माझ्या गाडीनं जाऊ.

पिना बाहेर निघाल्या की लगेच फोटो टाक, विशेषतः खालच्या पिनचा. आणि मिस्त्री घाई करत असेल तर फोन त्याच्या हातात दे, मी बोलतो.

तुझा,
महेश