तोफांना रंग नको, आधी मीठ काढा : मंत्रीमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रीमहोदय,

सादर नमस्कार.

गोव्याच्या बार्देश तालुक्यातील एका किनारी किल्ल्यावरच्या लोखंडी तोफा नुकत्याच वाळूच्या फवाऱ्याने घासल्या गेल्या. त्यांच्यावर चकचकीत काळा ऑइलपेंट चढला आणि प्रत्येकीचे बूड सिमेंटच्या ओट्यात पक्के केले गेले. जाणकारांना विचारल्याशिवाय तोफांना हात लावणार नाही, असे आश्वासन आम्हाला पावसाआधी मिळाले होते. ते मोडले, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहोत.

काय बिघडले ते नीट ऐकून घ्या. ओतीव लोखंडात साधारण तीन टक्क्यांहून अधिक कार्बन असतो, तोही बराचसा ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात. खारा वारा आणि वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस झेलता झेलता वरच्या थरातले लोखंड निघून जाते आणि ग्रॅफाइट व गंज यांचा पोकळ सांगाडा उरतो. आकार तोच, नक्षी तीच, अक्षरेही तीच; पण चाकूचे टोक सहज रुतते. वाळूचा फवारा नेमका हाच थर उडवतो आणि तोफेची ओळख पुसली जाते. ब्रिटिश तोफेच्या बुडाजवळ 49-2-14 असे आकडे असले तर ते तिचे वजन: 49 हंड्रेडवेट (एक हंड्रेडवेट म्हणजे 112 पौंड), 2 पाव हंड्रेडवेट आणि 14 पौंड, म्हणजे सुमारे 2520 किलो. स्वीडनमधल्या फिन्स्पाँगच्या ओतशाळेची तोफ ट्रनियनवरच्या, म्हणजे गाड्यावर टेकणाऱ्या बाजूच्या खुंटावरच्या, रोमन 'एफ' अक्षराने ओळखता येते. अशा खुणांवाचून तोफ कुठली आणि कधीची हे कोण सांगणार? त्या आता ओट्याभोवतीच्या वाळूत मिसळल्या आहेत. याची भरपाई कोणत्याही निधीतून होणार नाही.

रंगाने गंज थांबतो, हा समज घातक आहे. लोखंडाच्या आत शिरलेले क्लोराइड, म्हणजे समुद्री मिठातला घटक, हवेतला दमटपणा ओढून घेते, रंगाखाली आम्ल तयार होते, पोपडे सुटतात आणि तपकिरी थेंब पाझरू लागतात. त्यात तोंड वर ठेवून तोफ बसवली, रंजकाचे, म्हणजे बत्ती देण्याचे, छिद्र सिमेंटने बुजवले, तर पाऊस आतच साठणार. 24 पौंडी, म्हणजे 24 पौंडांचा गोळा डागणाऱ्या, तोफेची नळी जवळजवळ 15 सेंटिमीटर रुंद आणि पावणेतीन मीटर खोल असते. तिच्यात चाळीसहून अधिक लिटर पाणी मावते. ओटा आणि लोखंड जिथे मिळतात त्या फटीतही पाणी उभे राहते. तोफ तिथूनच खात जाते.

योग्य पद्धत अवघड नाही, वेळखाऊ आहे. सर्वांत आधी नळी तपासायची. तोंडापासून रंजकाच्या छिद्रापर्यंतचे अंतर बाहेरून मोजावे, मग लाकडी दांडा आत घालून खोली मोजावी. आत बरीच कमी भरली तर कचरा असेल, गोळा असेल किंवा जुना दारूगोळा तसाच असेल. अशा तोफेला ड्रिल लावायचे नाही, वेल्डिंगची ठिणगी जवळ न्यायची नाही; बॉम्बशोधक पथक बोलवायचे. परवा काम करणाऱ्या मजुरांना हे कोणी सांगितले होते का?

मग खुणांचे फोटो आणि ठसे घ्यावेत, सुटा गंज हाताने काढावा आणि तोफ कॉस्टिक सोड्याच्या दोन टक्के द्रावणात बुडवावी. 3000 लिटरच्या टाकीला 60 किलो सोडा लागतो. तोफ ऋण टोकाला आणि भोवतीची पोलादी जाळी धन टोकाला जोडून मंद वीजप्रवाह दिला की मीठ लवकर सुटते. नळीतही एक सळई तोफेला न टेकता सोडावी लागते. द्रावणातले क्लोराइड ठरावीक काळाने मोजायचे, द्रावण बदलायचे, आणि ताज्या द्रावणातही ते वाढेनासे झाले की मगच थांबायचे. याला महिने लागतात, समुद्रातून काढलेल्या तोफेला वर्षेही. त्यानंतर स्वच्छ पाण्याने धुणे, लगेच कोरडे करणे, गंज स्थिर करणाऱ्या टॅनिक ॲसिडचे हात आणि शेवटी संरक्षक लेप. तोफ लाकडी गाड्यावर किंवा जांभ्याच्या आधारांवर, जमिनीला न टेकता, तोंड किंचित खाली ठेवून बसवावी. हे टप्पे वगळले की काम लवकर संपते आणि तोफही लवकर संपते.

गोव्याला तोफांची जाण परक्यांकडून उसनी घ्यावी लागावी, हे क्लेशदायक आहे. सतराव्या शतकात पोर्तुगीज ओतारी पेद्रु दियश बोकारु गोव्यातच तोफा ओतत होते. त्यांचे पुत्र मानुएल तावारिश बोकारु यांनी पुढे मकावच्या ओतशाळेत नाव कमावले. आजही जाणकार दूर नाहीत. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने गोव्याच्या समुद्रातल्या सुंची रीफ या खडकाळ भागावर बुडालेल्या जहाजाचा अभ्यास केला आहे. अवजड लोखंड उचलायची आणि हाताळायची सवय वास्कोच्या जहाजबांधणी यार्डांना आहे. विचारायचेच नसेल, तर त्यांचा उपयोग काय?

दोष एका ठेकेदाराचा नाही. जतनाचे काम रंगाच्या चौरस मीटरवर मोजले जाते, सर्वांत कमी दराला दिले जाते आणि उद्घाटनाच्या तारखेला संपवले जाते. जांभ्याच्या तटांच्या सांध्यांत सिमेंट भरतात तेही याच हिशेबाने. महिनोन्‌महिने टाकीत पडलेली तोफ कोणत्याही फलकावर दाखवता येत नाही, म्हणून ती कोणत्याही अंदाजपत्रकात येत नाही. काम पाहणारा अधिकारी बदलला की फाइल पुन्हा पहिल्या पानापासून सुरू होते. या राज्यात वारशाचा सगळा कारभार असाच चालला आहे आणि आमचा राग त्या कारभारावर आहे.

आपण आज एवढे करावे. उरलेल्या तोफांचे काम थांबवा. ओट्यातल्या तोफा सिमेंट हळूहळू छिनून मोकळ्या करा, घण घालू नका. ओतीव लोखंड ठिसूळ असते. प्रत्येक तोफेची लांबी, नळीचा व्यास, खुणा आणि जागा यांची नोंद करून ती लोकांसाठी खुली करा. आणि पुढच्या निविदेत क्लोराइड मोजण्याची अट नसेल, तर ती निविदा काढू नका.

आपले,
जुन्या तोफा आणि धातुजतन यांचे काही अभ्यासक,
पणजी