लिम्फोसाइटचा आकडा लिहा, नुसते टक्के नको

मा. संपादक,

मायलोमा किंवा लिम्फोमा या रक्ताच्या कॅन्सरसाठी स्वतःच्याच मूळपेशींचे प्रत्यारोपण करून रुग्ण नागपूर-मुंबईहून गावी परततो, तेव्हा पुढचे सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) तालुक्याच्या लॅबमध्येच होतात. अनेक रिपोर्टांवर लिम्फोसाइट (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) फक्त टक्क्यांत छापलेले असतात. अशा रुग्णाला तेवढ्याने भागत नाही.

एकाच्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये एकूण पांढऱ्या पेशी २,४००, लिम्फोसाइट २५ टक्के : म्हणजे ६००. दुसऱ्याच्या ९,०००, लिम्फोसाइट ५ टक्के : म्हणजे ४५०. घरच्यांना दुसरा रिपोर्ट ‘नॉर्मल’ वाटतो. पण पेशी वाढवायच्या इंजेक्शनाने मुख्यतः न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार) वाढतात, लिम्फोसाइट नाही. एकूण आकडा त्यामुळेच फुगलेला असू शकतो.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २००१ मध्ये मायलोमा आणि नॉन-हॉजकिन लिम्फोमाच्या रुग्णांचा अभ्यास मांडला. प्रत्यारोपणानंतर १५व्या दिवशी ज्यांचे लिम्फोसाइट ५०० किंवा जास्त होते, ते जास्त जगले, आजारही उशिरा उलटला. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेले नाही. म्हणून आकडा वाढवतो म्हणून कोणी काढा किंवा पपईच्या पानांचा रस देत असेल तर कृपया घेऊ नका. १५व्या दिवसाचा आकडा मात्र डिस्चार्ज कार्डावर लिहून मागावा.

खरी चूक पुढे होते. न्यूट्रोफिल साधारण दोन आठवड्यांत परततात. लिम्फोसाइटपैकी सीडी-४ पेशी (प्रतिकारशक्ती चालवणाऱ्या) सावरायला कित्येक महिने लागतात. सीबीसी चांगला आला, गोळ्याही संपल्या, म्हणून असायक्लोव्हिर (नागीण टाळणारी गोळी) आणि कोट्रायमोक्साझोल (न्यूमोनिया टाळणारी गोळी) घरीच बंद केले जाते. मग नागीण उठते, नाहीतर न्यूमोनिया होतो. लिम्फोसाइट ५०० च्या वर गेले तरी प्रत्यारोपण केंद्राला विचारल्याशिवाय या गोळ्या थांबवू नयेत. सोयाबीनची मळणी चालू असताना रुग्णाने खळ्यावर जाऊ नये, कुटार (मळणीचा भुसा) भरू नये. त्या धुळीत बुरशीचे बीजाणू असतात. ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला की पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका, केंद्राला फोन लावून रात्रीच निघा.

लॅबवाल्यांसाठी : जांभळ्या टोपीची नळी खुणेपर्यंतच भरा, आठ-दहा वेळा हळू उलटी-सुलटी करा. मे महिन्यात नमुना गाडीच्या डिकीत ठेवू नका. पेशी कमी असतील तर मशीनवर विसंबू नका. प्लेटलेटचे गठ्ठे आणि कच्च्या लाल पेशीही ते कधीकधी लिम्फोसाइट म्हणून मोजते. स्लाइड काढून डोळ्यांनी पाहा. बहुतेक मशीनच्या पडद्यावर टक्क्यांसोबत आकडाही येतो, ०.६ असेल तर ६०० समजावे. छपाईत गाळली जाणारी ती एक ओळ चालू करायला खर्च येत नाही. मशीनवाल्याच्या इंजिनिअरला पुढच्या सर्व्हिसिंगच्या वेळी तेवढे सांगावे.

— दोन लॅब टेक्निशियन, जि. यवतमाळ