पासोडी म्हणजे पांघरूण!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत पुण्यातल्या देवळांच्या नावांवर लेख आला होता, नातवाने तो मला मोठ्याने वाचून दाखवला. डुल्या मारुती, सोट्या म्हसोबा, खुन्या मुरलीधर सगळ्यांबद्दल काही ना काही लिहिलंय, पण बुधवार पेठेतला पासोड्या विठोबा आला आणि नुसतं 'चमत्कारिक नाव' म्हणून पुढे गेलात. नातू विचारतो, आजी पासोड्या हे आडनाव आहे का गं? मला खरंच वाईट वाटलं, म्हणून लिहितेय.

अहो, पासोडी म्हणजे पांघरूण! जाडंभरडं सुती कापड, दुपदरी. गोधडीत जुन्या लुगड्यांचे थर आणि वरून धावदोरा असतो, रजईत कापूस असतो, पासोडीत यातलं काही नाही, नुसतं कापडावर कापड. माझ्या माहेरी एक होती, कापडाचे दोन पाट, म्हणजे पट्टे, मधोमध जोडलेले, तो जोड अंधारात बोटाला लागायचा आणि त्यावरून आम्ही बहिणी अर्धी तुझी अर्धी माझी करायचो. धुतली की पिळायला दोघी लागायच्या, एक या टोकाला एक त्या, आणि वाळायला दीड दिवस. विठोबाच्या देवळापाशी पूर्वी पासोड्या विकणारे बसायचे म्हणून तो पासोड्या विठोबा, असं पुण्यातली जुनी माणसं सांगत आलीत.

आणि अंबाजोगाईच्या दासोपंतांची पासोडी कशी विसरता? १५५१ ते १६१५ हा त्यांचा काळ. या संतकवीने सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर वेदान्तातलं पंचीकरण, म्हणजे पंचमहाभूतं एकमेकांत मिसळून सृष्टी कशी बनते तो विचार, ओव्यांमध्ये लिहून काढलं, सोबत आकृत्या काढल्या, आणि त्या ग्रंथाला लोक आजही पासोडीच म्हणतात. थंडीत अंगावर घ्यायच्या कापडाचं नाव एका ग्रंथाला मिळालं, मला तर याचं फार अप्रूप वाटतं.

आता दुकानात ब्लँकेट, कम्फर्टर, दोहर सगळं मिळतं, पासोडी मागितली तर दुकानदार तोंडाकडे बघत राहतो. वळकटी, चौघडी, वाकळ या शब्दांचंही तेच होत चाललंय, निदान ज्यांच्या घरात हे शब्द अजून आहेत त्यांच्याकडून अर्थ मागवून पुरवणीत छापा ना, छोटी चौकट पुरेल. पहिला पासोडीचा घ्या, वर लिहिलाच आहे.

आपली नेहमीची वाचक,
पुणे