फाइलीत आपलं आहे तेवढंच

कोल्हापूर,
रविवार रात्र

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

काल तू बोलता बोलता फोन ठेवलास. मीही आवाज चढवायला नको होता. पुन्हा फोन केला तर पुन्हा तेच होईल, म्हणून लिहायला बसले. बाबा झोपलेत. तुझी फाइल समोर उघडून ठेवली आहे.

अमेरिकेच्या व्हिसाची कामं करणाऱ्या त्या माणसानं सांगितलेलं आपण करणार नाही. सव्वीस लाख पंधरा दिवसांपुरते आपल्या खात्यावर आणायचे, बँकेचा दाखला काढायचा, मग रक्कम त्याची त्याला परत, वर दोन टक्के. ‘सगळेच करतात आई,’ असं तू म्हणालास. करत असतील. पण मी तेवीस वर्षं पतसंस्थेच्या काउंटरवर बसते. असं खातं समोर आलं की मला दुसरं पान उलटावं लागत नाही. वर्षभर चार हजार, सहा हजार, लाइटबिल, विम्याचा हप्ता, उसाचं बिल आलं की थोडे दिवस बरी शिल्लक, आणि मग अचानक एका ओळीत सव्वीस लाख. ती एकच ओळ सगळं सांगून जाते. जे मला दिसतं ते रोज कितीतरी मुलांशी बोलणाऱ्या त्या व्हिसा अधिकाऱ्याला दिसणार नाही, असं धरून चालू नकोस.

आणि दिसलं नाही, तरीही नको. नकार आणि बंदी यांत फार अंतर आहे, सोनू. शिकून हा परत येईल अशी अधिकाऱ्याची खात्री झाली नाही, तर २१४-बी या कलमाखाली नकार मिळतो. तो नकार कायमचा नसतो, तयारी करून पुन्हा अर्ज करता येतो. पण खोटा कागद दाखवून व्हिसा मागितला असं ठरलं, तर त्यांच्या कायद्यानं माणूस जन्मभरासाठी अपात्र होतो. तू एकवीस वर्षांचा आहेस. पंधरा दिवसांच्या उसन्या शिल्लकेसाठी एवढी मोठी जोखीम मी तुला घेऊ देणार नाही.

तुझ्या मनात काय आहे ते मला कळलंय. तुला घर गहाण पडायला नको आहे. काल तू ते बोलला नाहीस, पण मी तुझी आई आहे. तेव्हा घराचं नीट ऐक. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागते. गावाकडची दोन एकर उसाची जमीन शेतजमीन असल्यामुळे बँकेनं घेतली नाही. उरलं फुलेवाडीचं घर. ते तुझ्या आजोबांनी बांधलं. राधानगरीच्या पलीकडून हा मुलगा कोल्हापुरात आला, शाहू महाराजांनी सुरू केलेल्या बोर्डिंगांपैकी एकात राहून शिकला, नोकरीला लागला आणि मग घर उभं केलं. शिकण्यासाठी घर सोडलेल्या माणसाचं ते घर आहे. नातवाच्या शिक्षणासाठी त्याच्यावर बोजा चढला तर त्यांना वाईट वाटलं असतं, असं मला एकदाही वाटलं नाही. बाबांनाही नाही. वकिलांचा सर्च रिपोर्ट आलाय, मूल्यांकन झालंय, चाळीस लाखांच्या मंजुरीपत्रावर आता फक्त तुझी सही राहिली आहे. अर्जदार तू आहेस, मी आणि बाबा सहअर्जदार. हे मंजुरीपत्र आणि आपली अकरा लाखांची ठेव मिळून पहिल्या वर्षाचा खर्च भागतो, आणि तुझ्या विद्यापीठाला आय-ट्वेंटी, म्हणजे व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा कागद, देण्याआधी तेवढंच बघायचं आहे.

‘तिथं कमवून फेडतो’ हे मात्र हिशेबात धरू नकोस. कॉलेज चालू असताना आवारातच काम करता येतं, तेही आठवड्याला वीस तास. बाहेरची नोकरी पहिल्या वर्षी नाहीच. त्यातून तुझा किराणा निघेल. मी हप्त्यांचा तक्ता तुझी एक रुपयाची कमाई न धरता केलाय आणि तो जमतोय. सध्या व्याज आम्ही भरू.

दोन वर्षं पुण्यात शिकून मध्येच दुसरीकडे जायचं तर थोडं सुटतंच, याचीही तयारी ठेव. त्यांची पदवी साधारण १२० क्रेडिटची. तुझे काही विषय त्यांनी धरलेत, काही नाही, म्हणजे जवळजवळ एक सेमिस्टर जादा. गुणही सोबत जात नाहीत, तिथली सरासरी शून्यापासून सुरू. पण थर्मोडायनॅमिक्स आणि मटेरियल सायन्स हे दोन विषय ‘अभ्यासक्रम पाहून ठरवू’ असे ठेवलेत ना? तर त्या दोन्हींचा पूर्ण सिलॅबस, तास आणि प्रात्यक्षिकांसकट, कॉलेजचा शिक्का मारून घे. दोन विषय वाचले तर फीही वाचेल आणि तुझे महिनेही.

नावाचं मला परवा दिसलं. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग तुझं नाव, मग बाबांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर बाबांच्या नावात एक ‘ए’ जादा पडलाय. आम्ही असा एक अक्षराचा फरक असलेला केवायसी परत पाठवतो. ट्रान्सक्रिप्ट आत्ताच दुरुस्त करून घे. आय-ट्वेंटीवर पासपोर्टप्रमाणेच नाव यायला हवं, कारण त्यावरच्या सेव्हिस क्रमांकावर, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या त्यांच्या नोंदीतल्या तुझ्या क्रमांकावर, ३५० डॉलर भरायचे, मग डीएस-१६० हा व्हिसाचा फॉर्म भरायचा, मग १८५ डॉलर भरून मुलाखतीची तारीख घ्यायची. सुरुवातीला चूक राहिली की ती पुढच्या प्रत्येक कागदावर उतरते. फॉर्ममध्ये पाच वर्षांतली सोशल मीडियाची सगळी खाती विचारतात. जुनं, बंद पडलेलंही लिही.

आता मुलाखत. त्या माणसानं तुला पाठ करायला दिलेली उत्तरं मी वाचली. ‘मला माझ्या देशाची सेवा करायची आहे.’ सोनू, हे तू कधी बोलतोस? मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीच्या खिडकीपाशी जेमतेम दोन-तीन मिनिटं मिळतात. त्यात दुसऱ्याची वाक्यं कशाला?

तुझं स्वतःचं उत्तर मला ठाऊक आहे. बारावीनंतरच्या सुट्टीत तू मामाच्या शिरोलीच्या फौंड्रीत जात होतास. एकदा रात्री साडेनऊला आलास, भुवयांपर्यंत काळी वाळू, आणि हात न धुता डब्याच्या पिशवीतून कास्टिंगचा एक तुकडा काढून ओट्यावर ठेवलास. मधोमध कापलेला, आत मसुराएवढी पोकळी. ‘आई, बाहेरून एकदम चांगला होता हा. मशीनिंगला गेल्यावर आतला ब्लो होल उघडा पडला. अख्खा लॉट रिजेक्ट.’ जेवताना तुझं तेच चाललं होतं, वाळूत ओल किती होती, वायू कुठून निघायला हवा होता. तो तुकडा अजून फ्रिजवर आहे. त्याच्यासाठीच तू मटेरियल सायन्स शिकायला निघालास ना? मग तेच सांग. कोल्हापुरात फौंड्र्या किती आहेत, मामाचा माल कशामुळे परत येतो, तिथल्या कुठल्या प्रयोगशाळेत तुला काय शिकायचं आहे. परत येणार का विचारलं, तर आज तुझ्या मनात जे आहे तेच बोल. पैसे कोण भरणार विचारलं, तर आईवडील आणि बँकेचं कर्ज, घर तारण. त्यात कमीपणा काही नाही.

मी रोज सीपीआर इस्पितळावरून जाते. त्याचं जुनं नाव अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या, १८८६ साली डॉक्टर झाल्या, आणि कोल्हापूर संस्थानानं त्यांना याच इस्पितळात स्त्रियांच्या विभागावर नेमलं होतं. रुजू होण्याआधीच त्या गेल्या, ते आठवलं की जीव कळवळतो. पण शिकून येणाऱ्यासाठी या गावानं तेव्हाही जागा धरून ठेवली होती. तुझ्या निमित्तानं हल्ली तिथून जाताना त्यांची फार आठवण येते.

तिकीट आत्ता काढू नकोस. व्हिसा हातात पडू दे. तसंही वर्ग सुरू होण्याच्या तीस दिवस आधी तिथं उतरता येत नाही, म्हणजे घाई कशाचीच नाही.

त्या माणसाला मी उद्या फोन करून नाही सांगते. तू काही बोलू नकोस, आणि त्यानं तुझे मूळ कागद ठेवून घेतले असतील तर आजच सांग, बाबा जाऊन घेऊन येतील.

या शनिवारी बँक उघडी आहे, दुसरा किंवा चौथा शनिवार नाही. शुक्रवारी रात्री स्वारगेटहून एसटी धर. पॅन, आधार, पासपोर्ट, चारही सेमिस्टरच्या मूळ गुणपत्रिका आणि चार फोटो घेऊन ये. सकाळी आधी जेव, मग तिघं मिळून सह्या करायला जाऊ.

तुझी,
आई