मित्रास पत्र : ४,२९,४९,६७,२९७ या संख्येबद्दल

सोलापूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

दहा अंकी संख्या मूळ आहे की नाही, म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून तिला दुसऱ्या कशाने भाग जातो का, हे कागदावर कसं ओळखायचं, असं तू परवा विचारलंस. फोनवर ते नीट सांगता येईना, म्हणून हे पत्र.

एकच संख्या घेऊ : ४,२९,४९,६७,२९७. म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. ती केवढी आहे ते आपल्या गावच्या चादरीच्या मागावर कळतं. जकार्डचं, म्हणजे मागावर नक्षी ठरवणारं भोकांचं, पुठ्ठ्याचं कार्ड आठव. त्यावर बत्तीस जागा असतील आणि प्रत्येक जागी भोक पाडायचं की नाही एवढंच ठरवायचं असेल, तर ४,२९,४९,६७,२९६ निरनिराळी कार्डं होतात. त्यात एक मिळव.

१६४० मध्ये फ्रेंच गणिती फर्मानेही अशा संख्यांबद्दल पत्रातच लिहिलं होतं. २ चे १, २, ४, ८, १६ हे घात घेऊन १ मिळवला की ३, ५, १७, २५७, ६५५३७ येतात. पाचही मूळ. घात असाच दुप्पट करत गेलं तर कायम मूळ संख्याच मिळेल, असं त्याला वाटे. सिद्धता आपल्याजवळ नाही, हेही त्याने कबूल केलं होतं. १७२९ मध्ये गोल्डबाख या गणितज्ञाने ऑयलर या दुसऱ्या गणितज्ञाला पत्रातून याबद्दल विचारलं, आणि १७३२ मध्ये ऑयलरने दाखवून दिलं की सहावी संख्याच फुटते :

६४१ × ६७,००,४१७

मूळ संख्यांच्या यादीत ६४१ चा क्रमांक ११६ वा. म्हणजे नुसतं भागत गेलं असतं तरी ती सापडली असती! पण ऑयलरने पुढे हेही सिद्ध केलं की या संख्येचा कोणताही मूळ अवयव ६४ च्या पटीत १ मिळवूनच येतो. तशा मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७ आणि मग लगेच ६४१. पाचव्या भागाकाराला काम फत्ते. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला इथे दिसतं. सगळीकडे शोधायचं नसतं, अवयव कुठे असूच शकत नाही ते आधी ठरवायचं.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. भागाकार न करताही ६४१ ने भाग जातो हे पटवता येतं. पेन घे.

६४० म्हणजे ५ × १२८, म्हणजेच ५ × २ चा ७ वा घात. त्याला ६४१ ने भागलं की बाकी उणे १, म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी पडतो. चौथा घात घेतला की बाकी १. म्हणजे ५ चा ४ था घात गुणिले २ चा २८ वा घात, बाकी १. पण ५ चा ४ था घात ६२५, आणि ६२५ म्हणजे ६४१ वजा १६. म्हणून ६२५ च्या जागी उणे १६ ठेव. १६ म्हणजे २ चा ४ था घात, तो २८ व्याला मिळाला की ३२ वा होतो. म्हणजे उणे २ चा ३२ वा घात, बाकी १. चिन्ह बदललं की बाकी उणे १. त्यात १ मिळव : शून्य.

किती सुंदर आहे हे! ६४१ दोन तऱ्हांनी लिहिता येते, ६४० + १ आणि ६२५ + १६, एवढ्यावर सगळं उभं आहे.

पाचव्यानंतर अशी मूळ संख्या आजवर एकही सापडलेली नाही. पुढची, म्हणजे २ च्या ६४ व्या घातात १ मिळवून येणारी, वीस अंकी आहे. तिचा अवयव २,७४,१७७ लांद्री या फ्रेंच गणितज्ञाने १८८० मध्ये काढला, वयाच्या ८२ व्या वर्षी. २५६ × १०७१ + १ करून बघ, तोच येतो. गड्ड्याच्या जत्रेला येशील तेव्हा वही घेऊन ये, पूर्ण भागाकार मिळून करू.

तुझा मित्र